मी इथे नाहीच असं समजा

घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही, हे ललिताबाईंना काही केल्या पटत नव्हतं.

"अगं, गॅसचा मीटर बघायला येतो त्यालाही मी पाणी देते!"

"आई, तो पाहुणा नाही, निरीक्षक आहे," वैदेही म्हणाली.

वैदेही मानसशास्त्रात एम.ए. करत होती. जेवताना घरची माणसं कशी वागतात, याचा तिच्या विभागात अभ्यास चालला होता. दुसरं कुठलंच कुटुंब तयार होईना, तेव्हा या शहाणीने दादरचं आपलं घर पुढे केलं. कोण येणार, हे तिलाही मुद्दाम सांगितलेलं नव्हतं.

"दुपारी कुणीतरी येईल, दाराजवळच्या खुर्चीत बसेल. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. नेहमीसारखं वागायचं, बस्स."

"पण आजच कशाला? संध्याकाळी पाचला राजसचे मामा यायचेत!"

खरं दुखणं हेच होतं. वैदेहीचं लालबागच्या राजसशी जमलं होतं. राजसच्या आईचीही ना नव्हती, पण तिचा सगळा भरवसा आपल्या भावावर. रामूमामांनी घर बघून हो म्हटलं तर लग्न. आणि राजस काही आईचा शब्द मोडणारा नव्हता. त्यामुळे सकाळपासून वैदेहीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती दोनदा केस धुऊन बसली होती.

पानं वाढली आणि बेल वाजली. वैदेहीच्या भावाने, मयूरने, दार उघडलं. चौकड्यांच्या शर्टातले एक साठीचे गृहस्थ उभे होते.

"जेवताय वाटतं? चालू द्या तुमचं. मी बसतो," म्हणत ते थेट दाराजवळच्या खुर्चीत टेकले.

वैदेहीने डोळ्यांनी खूण केली. चौघांनी माना ताटात घातल्या.

वैदेहीच्या बाबांनी, वसंतरावांनी, विमा कंपनीत उभं आयुष्य साहेबाचा हुकूम पाळण्यात घालवलं होतं. नेहमीसारखं वागण्याची सुरुवात त्यांनीच केली. "ललिता, आजचं कालवण उत्कृष्ट झालेलं आहे."

"बाबा, नेहमीसारखं!" वैदेही पुटपुटली.

"मग शेपटीकडची तुकडी रोज मलाच का?" वसंतराव खरोखरच नेहमीसारखे झाले.

"आधी कोलेस्टेरॉल बघा आपलं!"

"आणि माझ्या गादीवर ओला टॉवेल परत कोणी टाकला?" मयूर म्हणाला.

"सुरमई खाताना टॉवेल काढू नकोस रे!"

भांडण छान रंगात आलं, आणि खुर्चीतून आवाज आला, "जरा पाणी मिळेल का?"

ललिताबाई अर्ध्या उठल्या. वसंतरावांनी त्यांना हात धरून खाली बसवलं. "अगं, परीक्षा बघतायत. ऐकूच आलं नाही असं कर."

गृहस्थांनी थोडी वाट पाहिली. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी प्यायले, मांडणीवरचं एक ताट उचललं आणि सरळ टेबलाशी येऊन बसले.

"हे काय गं?" वसंतराव कुजबुजले.

"सहभागी निरीक्षण असेल," वैदेही आवाज दाबून म्हणाली. "त्यात निरीक्षक घरच्यांत मिसळतो. पुस्तकात आहे."

निरीक्षकाने तेवढ्यात शेवटची तळलेली तुकडी घेतली. ती मयूरने मघापासून नजरेने राखून ठेवली होती. त्याने बहिणीकडे असं पाहिलं, की मानसशास्त्र तिथेच बुडावं.

"पुरे आता भांडणं," वसंतराव म्हणाले. "पाचला मामांसमोर तरी नीट वागा."

"त्यांचंच टेन्शन आलंय मला," ललिताबाई म्हणाल्या. "म्हणे लोकांच्या घरी जाऊन डबे उघडून बघतात!"

"बघू देत. पण हो म्हणू देत." वैदेहीने ताट बाजूला सारलं. "नाही म्हणाले तर मी काय करू गं आई?"

गृहस्थांचा घास हातातच राहिला.

पुन्हा बेल वाजली. पाठीला सॅक लावलेली एक बारीकशी मुलगी आत आली. "नमस्कार. मी विभागातून आलेय, निरीक्षणाला. मी इथे नाहीच असं समजा." आणि ती शहाण्यासारखी खुर्चीत जाऊन बसली.

चौघेही टेबलावरच्या पाचव्या ताटाकडे बघायला लागले.

"मग तुम्ही कोण?" मयूरने विचारलं.

"मी? राजसचो मामा."

ललिताबाईंच्या हातातला डाव कालवणात बुडाला. वसंतरावांनी उष्ट्या हातानेच नमस्कार केला. वैदेहीला वाटलं, आता इथल्या इथे जमीन दुभंगली तर बरं.

"पण... तुम्ही पाचला येणार होतात ना?" ती कशीबशी म्हणाली.

"पाचाक सगळेच बरे वागतत. माका तुमका जेवताना बघूचां होतां," मामा काटा काढून ठेवत म्हणाले. "दादरची माणसां म्हटल्यावर वाटलां, सगळां कसां मापात असतलां. आमच्याकडे एका तुकडीवरनं मुडदे पडतत. " त्यांनी वैदेहीकडे बोट केलं. "ह्यां चेडू आमच्यात कसां रवतलां, हीच काळजी होती. ती मिटली." मग ते ललिताबाईंकडे वळले. "वयनी, डबे तेवढे बघूचे रवले."

वैदेही रडायला लागली, मयूर हसायला. मग घरात एकच धांदल उडाली. शिरा झाला, राजसला फोन झाले, त्याची आई टॅक्सी करून आली, मुहूर्तावरून वसंतरावांचं आणि मामांचं वाजलं आणि मिटलंही. उन्हं कलली.

"काकू, जरा पाणी मिळेल का?"

सगळे दचकले. दाराजवळच्या खुर्चीत ती मुलगी अजून बसलेली होती. ललिताबाई ओशाळून लगबगीने उठल्या, पण मामांनी त्यांना हात करून थांबवलं.

"ऊठ गो चेडवा, माठ आत आसा," ते म्हणाले. "आमच्या ह्या घरात पाणी आपल्याच हातान घेवचां लागता."