मंजुळा पसंत आहे

आवाजातलं कळावं तर ते फक्त कौतिकला! हे आम्ही म्हणत नाही, कौतिक स्वतःच म्हणायचा. दोंडाईच्याजवळच्या त्याच्या गावात गणपतीत "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायचा मान वर्षानुवर्षं त्याच्याकडे होता. तेवढ्या भांडवलावर तो जळगावच्या कॉलेजात, होस्टेलच्या मेसमध्ये, भर पंगतीत उभा राहून म्हणाला, "येत्या रविवारी आमच्या रूममध्ये असे स्पीकर लागतील की वरणाची वाटी आपोआप थरथरेल!"

"आणि रेक्टर सर?" कुणीतरी विचारलं.

प्रश्न रास्त होता. रेक्टर देवरे सरांना आवाज या गोष्टीचाच तिटकारा होता. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, होस्टेलमध्ये गोंगाट किंवा कुठलंही लफडं दिसलं की त्याच दिवशी नाव काढून टाकणार. इकडे कौतिकच्या वडिलांनी, म्हणजे उखर्डू आबांनी, त्याला गाडीत बसवताना बजावलं होतं, "नाव निंघनं का सरळ घर! मंग कालेज बंद आनि नांगर चालू!" म्हणजे एका स्पीकरवर पोराचं अख्खं शिक्षण टांगलेलं होतं.

"त्याचाही विचार केलाय," कौतिक म्हणाला. "वरून गोधडी टाकायची!"

जास्तीत जास्त मोठ्या आवाजाचे स्पीकर आणायचे आणि ते गोधडीखाली वाजवायचे, ही योजना त्याला आणि त्याचा रूम पार्टनर लोटन याला अगदी बिनतोड वाटली. लोटन चाळीसगावचा. कौतिकच्या टू-इन-वनचा, म्हणजे रेडिओ-टेपचा, स्पीकर फाटला होता आणि तो फाडण्यात लोटनचा हात होता, म्हणून नव्या खरेदीत तो अर्धा भागीदार झाला.

दोघांनी स्टेशन रोडची सगळी दुकानं पालथी घातली. कौतिक प्रत्येक स्पीकरवर बोटाने टिचकी मारायचा आणि बाजारात टरबूज घेणाऱ्या माणसासारखा कान लावून ऐकायचा. "पोकळ आहे!" असं म्हणून पुढच्या दुकानात. स्पीकर पोकळच असतो हे त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी एका बोळात देवचंदभाऊंचं दुकान लागलं. देवचंदभाऊ स्पीकर स्वतः बनवायचे. दोन काळेकुळकुळीत लाकडी डबे त्यांनी टेबलावर ठेवले. वर पितळी अक्षरांत नाव होतं, 'मंजुळा'.

"आईचं नाव दिलंय," देवचंदभाऊ म्हणाले. "आमच्या आईनं एक हाक मारली की तीन गल्ल्यांतली पोरं घरी पळायची!"

त्यांनी बटण फिरवलं. समोरच्या दुकानदाराने कानात बोटं घातली. कौतिकच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "लोटन," तो म्हणाला, "हीच!"

आता एकच काम उरलं होतं. विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, असा आबांचा दंडक होता. तेव्हा गावात फोन एकच, आधारशेठच्या किराणा दुकानात. कौतिकने तार ऑफिसात जाऊन ट्रंक कॉल लावला.

इथेच घोटाळा झाला! खरं म्हणजे कौतिकच्या गावात स्पीकरला सरसकट भोंगा म्हणतात. कौतिक 'भोंगा' एवढं म्हणाला असता तरी आधारशेठला सगळं कळलं असतं आणि ही गोष्टच झाली नसती. पण नेमक्या त्याच वेळी रांगेत त्याच्या मागे त्याच्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या. मुलींसमोर भोंगा? छे! कौतिकने मान ताठ केली आणि एकदम शुद्ध बोलायला सुरुवात केली.

"हॅलो! आधारशेठ का? मी कौतिक बोलतोय. आबांना निरोप द्यायचा आहे."

"बोल, बोल! आबा वावरमा गयात. माले सांग!"

"त्यांना सांगा, मी स्पीकर पसंत केले!"

खर्रर्र! लाईन अशी खरखरली की 'स्पीकर' निम्मा वाटेतच सांडला आणि आधारशेठच्या कानात पडलं 'शिकेल', म्हणजे शिकलेली.

"काय? शिकेल पसंत करी?"

"हो, पसंत केली! मंजुळा!"

आधारशेठला एक सवय होती. फोनवर ऐकलेलं प्रत्येक वाक्य तो दुकानातल्या गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगायचा. त्यामुळे गावात वर्तमानपत्र कुणी घेत नसे. "आयका रे बठ्ठा!" फोनवर हात ठेवून तो ओरडला. "कौतिकनी पोर पसंत करी! मंजुळा नाव शे! शिकेल शे!"

चहापत्ती घ्यायला आलेल्या बाया तिथेच खाली बसल्या.

"कशी शे रे, कौतिक?"

"रंगाने काळी आहे. पण आवाज एकदम गोड!"

"काळी शे, पन गोड बोलस!"

"आणि वजनदार आहे! एकट्याला उचलत नाही!"

"खाता-पिता घरनी शे!"

"देवचंदभाऊंची घरची आहे, बाहेरची नाही. पसंत पडली नाही तर आठ दिवसांत परत घेतो म्हणालेत!"

तिकडे आधारशेठचा आवाज पडला. "आठ दिवसमा... परत लेतस म्हने."

"आणि आबांना म्हणावं, काळजी करू नका," कौतिकने मुलींकडे एक नजर टाकून शेवटचं वाक्य ठणकावलं, "माझ्या एकट्यावर भार नाही! मी आणि लोटन, दोघांत मिळून एकच घेतोय! रविवारपर्यंत नकार आला नाही तर रूमवर आणतो!"

"दोन्हीसमा एक?" आधारशेठच्या हातून फोन सुटला तो थेट गुळाच्या ढेपेवर पडला. कौतिकला वाटलं, लाईन तुटली. काम फत्ते झालं म्हणून तो मुलींच्या देखत शीळ घालत बाहेर पडला.

रविवार उजाडला, नकार काही आला नाही. दोघांनी मंजुळा सायकलवर लादली आणि मागच्या दाराने रूमवर आणली. दार आतून लावलं, खिडकी बंद केली, गोधडी काढली.

त्याच वेळी सुरतकडून आलेल्या पॅसेंजरमधून चार माणसं उतरली होती. पुढे उखर्डू आबा, आठवडाभर झोप नसल्यासारखे. मागे कौतिकची आई पार्वताबाई. तिच्या हातातल्या पिशवीत ओटीचं सामान होतं, कारण पोराने काहीही दिवे लावले असले तरी सुनेचं तोंड रिकाम्या हाताने पाहायचं नाही, असं तिचं मत होतं. तिच्या मागे तिचा भाऊ निंबामामा. आपली पोर कौतिकलाच द्यायची, असं मामाने ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे तो स्टेशनपासूनच बाह्या सरसावत होता. सगळ्यात शेवटी आधारशेठ. तो साक्षीदार म्हणून आला होता.

होस्टेलच्या फाटकाशी देवरे सर भेटले. पार्वताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "सायेब, मनी सून कोठे शे?"

"कोण सून?"

"मंजुळा! कौतिकनी रूमवर आनेल शे ना!"

देवरे सरांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. "माझ्या होस्टेलमध्ये? मुलगी?"

"दोन्हीसमा एक शे म्हने," आधारशेठने माहितीत भर घातली.

सर पळत सुटले! पस्तिशीनंतर ते पहिल्यांदाच पळत असावेत. त्यांच्यामागे आबा, आबांच्यामागे मामा आणि हे काय चाललंय ते बघायला अर्धं होस्टेल. कौतिकच्या दारासमोर सगळे थबकले, कारण आतून आवाज येत होते.

"हळू, लोटन! कोपरा लागेल तिला!"

"पलंगावर ठेवू?"

"ठेव. आणि गोधडी घाल तिच्या अंगावर. सरांना कळलं तर मेलो आपण!"

देवरे सरांनी भिंतीचा आधार घेतला. आबांनी डोळे मिटले. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, गोड आणि ठसठशीत. "वांगी आधी विस्तवावर चांगली भाजून घ्यावीत..."

"आयका ना!" पार्वताबाई दाराला कान लावून कुजबुजल्या. "वांगा कशा भाजाना ते सांगी ऱ्हायनी! गुननी शे व माय पोर!"

"मनी पोर बी भरीत करस!" मामा कडाडला आणि त्याने दारावर थाप मारली. "खोल दार!"

आत धावपळ झाली. बाईचा आवाज 'कोथिंबीर' या शब्दावर मध्येच तुटला. दार उघडलं आणि घामाघूम झालेल्या कौतिकला समोर अख्खं खानदान दिसलं.

"आबा? तुम्ही इथं?"

"बिस्तर बांध!" आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, फुटला. "कर्ज काढीसन नही, पोट मारीसन धाडं तुले आठे. गावमा तोंड दखाडानी सोय ठेवी नही. चाल घर!"

"आणि मी आत्ताच्या आत्ता नाव काढतो!" देवरे सर गरजले. "कुठे आहे ती?"

कौतिकला वाटलं, झालं! गोधडी वाया गेली. कॉलेज, होस्टेल, पदवी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून दोंडाईच्याच्या दिशेने निघून गेलं. त्याने पलंगाकडे बोट दाखवलं. "ही काय. चूक झाली, सर. पण आबा, मी तुम्हाला कळवलं होतं!"

पलंगावर गोधडीखाली काहीतरी बसलेलं दिसत होतं. बाहेर पोरांनी माना लांबवल्या. बाईमाणसाला हात लावायला पुरुषांपैकी कुणी धजेना, म्हणून पार्वताबाई पुढे झाल्या. "घाबरू नको, बेटा," असं म्हणत त्यांनी हलकेच गोधडी उचलली.

दोन काळे डबे! आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला रेडिओ.

आबांनी डब्यांकडे पाहिलं, मग कौतिककडे, मग बराच वेळ आधारशेठकडे.

"आधार, हाई पोर शे का?"

"फोन खरखर करे, आबा," आधारशेठ मामाच्या पाठीमागे सरकत म्हणाला.

"अरे, हाऊ ते भोंगा शे!" आबा ओरडले. "भोंगा! मंग फोनवर भोंगा का नही सांगं तू?"

कौतिकने मान खाली घातली. मुलींचं कारण सांगण्यापेक्षा नांगर परवडला असता. आबा मात्र मटकन पलंगावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, ते बराच वेळ पुसतच राहिले. मामा तर इतका खूश झाला की त्याने लोटनला मिठी मारली.

हसले नाहीत ते फक्त देवरे सर. "मुलगी नाही, म्हणून नाव काढत नाही," ते म्हणाले. "पण हे डबे आजच्या आज होस्टेलच्या बाहेर! डबे राहतील किंवा कौतिक राहील."

"डबे परत देऊ, सर! आठ दिवसांत घेतात!" कौतिक घाईने म्हणाला. त्याचं कॉलेज वाचलं होतं, आता त्याच्याकडे देव जरी मागितला असता तरी त्याने देऊन टाकला असता.

पण मागे वळून बघतो तर काय! आईने पिशवीतलं कुंकू काढून दोन्ही डब्यांना लावलं होतं. एकावर नारळ ठेवला होता, दुसऱ्यावर खण आणि हिरव्या बांगड्या.

"आई! हे काय केलंस?"

"ओटीनं सामान परत नही लई जातस," पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या. "आनि ओटी भरेल सून परत नही धाडतस. मंजुळा आते आपला घर येई."

"पण माझा अर्धा वाटा—" लोटन म्हणाला. मामाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. "—मी मामांना, म्हणजे तुम्हाला, आनंदाने दिला!" लोटनने वाक्य कसंबसं पुरं केलं.

दिवे लागायच्या आत सगळी वरात स्टेशनवर पोहोचली. डब्यांना आईने खिडकीची जागा दिली. आबांनी त्यांच्यावर आपलं उपरणं पांघरलं, उन्हाने रंग उडू नये म्हणून. आधारशेठ फलाटावरच्या अनोळखी माणसांना सगळी हकीगत पहिल्यापासून सांगत होता, त्यात हळूहळू लोटनचं लग्नही ठरत होतं.

शिट्टी झाली. कौतिक खिडकीशी गेला आणि त्याने गजांवर हात ठेवला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच त्याला आईला बिलगून रडावंसं वाटलं. आईनेही बाहेर हात काढून त्याच्या हातावर ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"काही काळजी नको करू, बेटा," ती म्हणाली. "तिले आम्ही पोरसारखी सांभाळसूत!"

गाडी हलली. कौतिक जेवतो की नाही, हे विचारायचं मात्र त्या दिवशी सगळेच विसरले!