ऊन गच्चीवर राहायला गेलं

आमच्या वत्सलाकाकू समोरच्या नव्या टॉवरमध्ये शिरल्या, की वॉचमन त्यांना कुणाकडे जायचंय असं विचारत नाही. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं. "माझं ऊन तुमच्या गच्चीवर ऱ्हायला गेलंय, त्याच्याकडं," काकू म्हणाल्या आणि पापडांची परात घेऊन लिफ्टमध्ये घुसल्या.

पेणमध्ये काकूंचं घर माझ्या घराला लागूनच. समोरची जुनी घरं पाडून टॉवर उठला आणि काकूंच्या अंगणात दिवसभर सावली बसली. मुंबईची माणसं राहायला आली. भजीवाल्याच्या गाळ्यात कॉफीचं दुकान निघालं. तिथली कॉफी पिऊन काकू मालकाला म्हणाल्या, "करपलीय रे, उद्या गॅस बारीक ठेव."

गच्चीवरचे पापड बघून सोसायटीनं पाटी लावली, 'येथे वाळवण घालू नये.' काकूंनी पाटी नीट वाचली आणि पापडांखालचं कापड उडू नये म्हणून तीच काढून कोपऱ्यावर ठेवली.

शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरी मानसीबाई तिसऱ्या मजल्यावरून भांडायला खाली आल्या. काकू पोह्याच्या पापडाचं पीठ कुटत होत्या. बाईंनी तोंड उघडताच काकूंनी तेलात बुडवलेली लाटी आत सारली. लाटी खाताना भांडता येत नाही. दुसरी लाटी बाईंनी स्वतःच उचलली.

"काकू, एकट्या राहता ना? मग इतकं पीठ?"

"कमी भिजवायला हात वळत नाय गो. आळीतल्या बाया यायच्या, आपापला पोळपाट घेऊन. आता पीठ हाय, बाया नाय."

काकू हे हसतच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मानसीबाई टॉवरमधल्या बायकांना घेऊनच आल्या. एकीनं चपात्यांचं यंत्र आणलं होतं. "पापड करायचेत, भाकर नाय," म्हणून काकूंनी ते दाराबाहेर ठेवलं. मानसीबाईंकडे पोळपाटच नव्हता, त्यांच्या पोळ्या डब्यातून येतात. काकू माळ्यावर चढल्या आणि फडक्यात बांधलेला पोळपाट काढला. तेल लावून लावून तो चकचकीत झालेला.

"आक्काचा हाय. समोरच ऱ्हायची, तुझा टॉवर हाय तिथं. घर गेलं तशी लेकाकडं गेली, रोह्याला, अष्टमी गावात. हा माझ्याकडंच ऱ्हायला. घेऊन जा वर, वापरात ठेव."

संध्याकाळी काकूंचा फोन आळीभर ऐकू आला. "आक्का, तुझा पोळपाट परत तुझ्या जागेवर गेला गो, तिसऱ्या मजल्यावर! आता तू पण ये. लाट्या ठेवल्यात."