भिकूची दाढ

वरोरच्या भिकूने फोन कानाला लावून मुलीचं सगळं बोलणं ऐकलं आणि त्यातलं सोयीचं तेवढं समजून घेतलं. मुलगी भाविनी मुंबईला एका दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होती. "दाताच्या आत गर असतो ना बाबा, त्यातल्या मूळपेशींपासून आम्ही नसांच्या पेशी तयार करतो," ती सांगत होती. "पुढेमागे तुटलेल्या नसांवर इलाज होईल. पण चांगले दातच मिळत नाहीत."

भिकूच्या डाव्या हाताची दोन बोटं दोन वर्षांपूर्वी नायलॉनच्या दोरीने कापली, तेव्हापासून बधिर होती. जाळ्याची गाठ मारायची तर भाविकला, म्हणजे मुलाला, तीनदा हाक मारावी लागे. तो मोबाइलमधून मान वर न काढता "आलो" म्हणे आणि येत नसे. तीस वर्षं होडी चालवलेल्या माणसाला ते "आलो" फार लागे.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता भिकू डहाणूला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"ही डावी दाढ लय दुखते. काढून टाका."

बाईंनी ठोकून पाहिलं, एक्स-रे काढला. "काका, ही दगडासारखी आहे. उजवीकडची मात्र पार किडलीय. ती दुखत नाही?"

"नाय."

"ती काढावी लागेल."

"मग तिच्याबरोबर ही पण काढा ना."

"काका, इथे एकावर एक फ्री नाही."

किडकी तेवढी निघाली. दाढ ती दाढ, आत गर असणारच, असा विचार करून भिकूने ती मागून घेतली आणि घरी येऊन मासळीच्या बर्फपेटीत ठेवली. तोंडात कापूस, गाल टम्म. बायको पुतळीने "काय झालं?" विचारलं, तर त्याने नुसता हात हलवला.

शेजारच्या जमनाने हे बोंबील वाळत घालता घालता पाहिलं. "पुतळी, भिकूदादाच्या तोंडातनं कायतरी काढलंय. तंबाखू खातो ना तो..." पुढचा शब्द ती बोलली नाही, म्हणूनच तो संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळला. लोक शहाळी घेऊन भेटायला आले. एकाने तर होडी विकायची आहे का, याचीही हळूच चौकशी केली. भिकूला बोलता येत नव्हतं. येऊ लागलं तेव्हा लाज वाटत होती. शेवटी पुतळीने रडत मुलीला फोन केला, "बापाला बघून जा, बाय."

भाविनी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. तिने बापाचं तोंड उघडून पाहिलं. "फक्त दाढ काढलीय! मग रडताय कशाला सगळे?"

भिकू उठला आणि पेटीतली पिशवी आणून त्याने तिच्या हातावर ठेवली. "तुझ्यासाठी काढली. हिच्यातनं नस बनव नि माझ्या बोटात घाल. मला माझं जाळं माझ्या हाताने बांधायचंय."

भाविनीने पिशवी उघडून दाढ उजेडात धरली. "बाबा, ही किडलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यात बर्फाने गोठली. आतलं काहीच जिवंत नाही. आणि आमच्या पेशी अजून काचेच्या बशीतच वाढतात रे. माणसाच्या हातात जायला किती वर्षं लागतील, कोणालाच माहीत नाही."

"म्हणजे फुकट गेली?"

भाविक खो-खो हसला. इतका तोंड फाडून हसला, की भाविनीला त्याचा घसा दिसला आणि घशाच्या अलीकडचंही बरंच काही दिसलं.

"थांब! हिरडी केवढी सुजलीय! अक्कलदाढ आडवी येतेय तुझी. कधीपासून दुखतंय?"

"महिना झाला," भाविक पुटपुटला. "इंजेक्शनची भीती वाटते."

"आणि आम्हाला नेमकी अशीच दाढ लागते. तरण्या माणसाची, न किडलेली."

भिकूने मुलाचा दंड धरला, तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीतच सोडला. भाविकने संमतीच्या कागदावर सही केली आणि दाढ औषधाच्या बाटलीतून मुंबईला गेली. जाण्याआधी भाविनीने बापाला बोटांचा व्यायाम लावून दिला. तो त्याने कुरकुरत का होईना, सुरू केला.

सहा आठवड्यांनी तिने मोबाइलवर फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "बघ बाबा, नसांसारख्या पेशी!"

भिकूने फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. "भाविकच्या दाढेतल्या का?"

"ते सांगता येत नाही. आमच्याकडे नाव नसतं, नुसता नंबर असतो."

"पण ह्या तर सगळ्या हातपाय पसरून पडल्यात. एकपण कामाला लागलेली दिसत नाय."

"अजून वेळ आहे बाबा. हळूहळू लागतील."

"मग नंबर कशाला पायजे?" भिकू समाधानाने म्हणाला. "आपल्या भाविकच्याच हायत."