आई नावाचं फोल्डर

आक्काताई लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या, त्याला चौथा महिना लागला होता. म्हशीपायी त्यांच्या नवऱ्याला, जयसिंगरावांना, कसबा बावडा सोडता येत नव्हता. जाताना आक्काताईंनी आमटीपासून झुणक्यापर्यंत बारा कृती आपल्या आवाजात सांगून ठेवल्या होत्या. लेकीनं, संघप्रियानं, ती रेकॉर्डिंगं घरच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर ‘आई’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. जयसिंगराव ती रोज ऐकत आणि दूध-भाकरी खाऊन उठत. फोनवर बायको मिनिटभर बोले, तोवर बाळ रडे.

रविवारी संघप्रियाचा फोन आला. “आबा, आईचे नि बाळाचे फोटो माझ्या हितल्या डिस्कवर हाईत. ती इंटरनेटवरनं तुमच्या कॉम्प्युटरला जोडायची. कमांड लिहून पाठवलीया. फोल्डरचं नाव तेवढं घाला, की डिस्क त्यावर माउंट हुती, म्हंजी जोडली जाती.”

आईचे फोटो आईच्याच फोल्डरवर, असा सरळ हिशेब करून जयसिंगरावांनी कमांड दिली. फोल्डरमध्ये फोटोच फोटो आले. त्यांनी एक उघडला आणि मग आमटी ऐकायला गेले, तर आमटी नाही. झुणका नाही. बारापैकी एकही रेकॉर्डिंग नाही.

शेजारचे जोतीराम बघायला आले. “क्यासेटवर दुसरं भरलं की पैलं पुसतंय,” ते शांतपणे म्हणाले. “गेलं ते.”

जयसिंगरावांनी नागपूरला फोन लावला. आक्काताईंनी उचलला.

“तुझा आवाज गेला गं,” ते कसंबसं म्हणाले.

“माझा? चांगली बोलतीया की. तुमची तब्येत बरी हाय न्हवं?”

त्यांनी सगळं सांगितलं, तेवढ्यात बाळ रडलं. आक्काताई तिकडं धावल्या आणि फोन लेकीकडं गेला.

“आबा, काय बी पुसलं न्हाय,” संघप्रिया म्हणाली. “डिस्क फोल्डरच्या वर बसलीया, म्हणून खालचं झाकलंय. अनमाउंट करा, म्हंजी डिस्क सोडवा, दिसंल.”

त्यांनी तशी कमांड दिली. कॉम्प्युटरनं कळवलं, फोल्डर वापरात आहे.

“कोण वापरतंय?” जोतीरामांनी विचारलं.

स्क्रीनवर मघाचा फोटो उघडाच होता. नागपूरच्या गच्चीत, उन्हात डोळे बारीक करून आक्काताई बसल्या होत्या. केस जरा जास्तच पांढरे झालेले. कानाभोवती मफलर होता, जयसिंगराव तीन महिने कपाट उपसून शोधत होते तोच.

“त्यो फोटो बंद कर की, गड्या.”

“करतो,” जयसिंगराव म्हणाले. पण करायला त्यांना बराच वेळ लागला. जोतीरामांनी तोवर खिडकीतून म्हशीकडं बघितलं.

फोटो मिटला, डिस्क सुटली, आणि बाराही रेकॉर्डिंगं जागच्या जागी दिसली. जोतीराम घरी गेले.

थोड्या वेळानं फोन वाजला. आक्काताई होत्या. लेक अंघोळीला गेली होती. खुलासा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

“अवो, समदं पुसलं म्हणं? बाळ झोपलंय, आता निवांत हाय मी. वही घ्या, परत सांगती. काय काय ऱ्हायलंय त्यातलं?”

जयसिंगरावांनी समोरच्या बारा नावांवरून नजर फिरवली.

“काय बी न्हाय,” ते खुर्ची ओढून घेत म्हणाले. “पैल्यापास्नं सांग. सावकाश.”