नमुना फ्लॅटमधल्या आत्याबाई

प्लास्टिकचं सफरचंद, त्यावर दातांचे ठसे.

पुठ्ठ्याचा टीव्ही.

क्रेनच्या टोकावर कावळ्याचं घरटं. (बांधकाम पूर्ण!)

पाच फुटांचा पलंग.

कुकरची शिट्टी.

हे सगळं एकाच रविवारी चावीवाल्यांच्या डोक्यावर कोसळलं.

चावीवाले म्हणजे बिल्डरचा विक्रीचा माणूस. कमरेला हा एवढा जुडगा! त्यातली एकच चावी कामाची, तळमजल्यावरच्या नमुना फ्लॅटची. बाकीच्या चाव्यांची दारं बसायची होती आणि दारांच्या भिंती उभ्या राहायच्या होत्या. इमारत दुसऱ्या मजल्यावर येऊन बसली ती बसलीच. शहरभर तीच तऱ्हा. नवीन वीट कुठे चढत नव्हती आणि लोक घरासाठी वणवण हिंडत होते.

"या रविवारी एक तरी फ्लॅट विक," शेठ फोनवर गुरगुरले होते, "नाहीतर चाव्या टेबलावर ठेव आणि घरी जा!"

"एकच? शेठ, टकल्याला कंगवा विकलेला माणूस आहे मी!"

घरी जा म्हणणं सोपं होतं. चावीवाले सहकुटुंब सासुरवाडीच्या गॅलरीत झोपत. तिथे सासूबाई रोज सकाळी एकच शब्द बोलत, "कधी?"

तर रविवारी चावीवाले प्लास्टिकची सफरचंदं पुसत होते, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. त्यातून उतरल्या आत्याबाई! निवृत्त परिचारिका, ताडमाड उंच, नजर सुईसारखी. वरच्या मजल्यावरचा, म्हणजे हवेतला, एक फ्लॅट त्यांचा होता.

"आत्याबाई! आज इकडे कुठे?"

"पावसाळ्याआधी ताबा देतो म्हणालात. कुठला पावसाळा, तेवढं विचारायचं राहिलं माझं!"

चावीवाल्यांच्या शब्दावर त्यांनी जुनं घर विकायला काढलं होतं. नवीन घरं नाहीत म्हटल्यावर जुन्यावर उड्या पडल्या. घर हातोहात गेलं आणि आज सकाळी घेणारे सामानसुमान घेऊन दारात हजर!

"ड्रायव्हरदादा, शेगडी आणि पाण्याची कळशी आत घ्या."

"अहो, हे दाखवायचं घर आहे!"

"मग मी काय लपून राहणार आहे?"

त्यांनी नळ सोडला. नळाने नुसता सुस्कारा टाकला. भूक लागली म्हणून सफरचंद चावलं. दमून पलंगावर पडल्या, तर पोटऱ्यांपासून पाय बाहेर!

"खोली मोठी दिसावी म्हणून पलंग जरा लहान केलाय," चावीवाले पुटपुटले.

"आणि माणसांचं काय करता? छाटता?"

अकरा वाजता गिऱ्हाईक आलं. नवराबायको, घरं बघून बघून चपला झिजलेल्या. नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी मारली. आत्याबाई डाव घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर!

चावीवाल्यांची जीभ डोक्याच्या आधी धावली. "या आमच्या नमुना आजी! नांदतं घर कसं दिसेल, याचा अंदाज यावा म्हणून ठेवल्यात."

"अगं बाई! बोलतात पण?" बायकोने विचारलं.

"बोलते की! नळाला पाणी नाही. टीव्ही पुठ्ठ्याचा आहे. त्या सफरचंदाने माझी दाढ हलवली!"

चावीवाल्यांनी डोळे मिटले. नोकरी गेली. गॅलरीसुद्धा जाणार!

पण नवराबायको एकमेकांकडे बघत होते.

"भिंती आहेत," नवरा कुजबुजला.

"छप्पर आहे!"

"दार लागतं गं!"

"घेतला!" दोघं एकदम ओरडले. "हाच! आत्ताच!"

चावीवाले कागद शोधायला धावले. बायकोने त्यांची बाही धरली. "पण आजी सोबत हव्यात."

"आजी? अहो, त्या..."

तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. चावीवाल्यांनीच हौसेने रंगवून घेतलेली पाटी: जसं दिसतं, तसंच मिळेल!

"आम्ही दोघं दिवसभर कामावर. घरात कुणीतरी खरं बोलणारं हवंच होतं."

"मी राहीन," आत्याबाई म्हणाल्या, "पण पलंग बदलायचा. आणि वरचा फ्लॅट तयार झाला की मी माझ्या घरी."

'तयार झाला की' ऐकून तिघंही हसत सुटली. आत्याबाईंना तर उचकी लागली.

चावीवाल्यांनी छाती फुगवून फोन लावला. "विकला, शेठ!"

"शाब्बास पठ्ठ्या! कितवा मजला?"

"तळमजला."

"तळमजल्यावर तर फक्त नमुना..." पुढे शेठ किंचाळलेच. "अरे गाढवा! आता लोकांना दाखवायचं काय?"

चावीवाल्यांनी खिडकीतून वर पाहिलं. "क्रेनवर एक घरटं आहे, शेठ. तयार."

"चाव्या टेबलावर ठेव आणि चालता हो!"

"टेबल नमुन्यातलंच होतं, शेठ. तेही गेलं."

फोन ठेवतात तोच परत वाजला. सासुरवाडीहून त्यांच्या बायकोचा होता. मागून सासूबाईंचा आवाज आला, "विचार, कधी?"

या इमारतीतलं पहिलं बुकिंग चावीवाल्यांचं होतं. चौथा मजला.