वाका की पावणं!

आमच्या इमारतीचा जिना चढताना मल्लाप्पाअण्णा शेवटच्या पायरीवर कमरेत वाकतात. तिथं पूर्वी एक तुळई होती. आता नाही. आता वर मोकळं छत आहे आणि त्याला एक दिवा आहे. तो बदलायचा तर शिडी आणावी लागते. तरी अण्णा वाकतात, आणि तेही अगदी मनापासून.

अण्णा चांगले सहा फुटी. पहिल्या मजल्यावर माझ्या विम्याच्या ऑफिसशेजारी त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. त्यांच्या बायकोला, अक्काला, जाऊन चार वर्षं झाली. तोवर तीही दुकानात बसून पितळी वजनं चिंचेनं घासायची. बुटकी, गप्प बाई.

इमारत जुन्या व्यापारी पेठेतली. खाली काळ्या दगडाच्या कमानी, वर सागवानी खांब. माळ्यावर गुळाचे रवे रचायचे, म्हणून आधाराला कुणा शहाण्यानं नेमकी जिन्याच्या तोंडावर जादा तुळई घातली. पुढं गूळ गेला, बँक आली. बँक गेली, टायपिंगचा क्लास आला. मग स्पर्धा परीक्षांची पोरं आली. इमारतीनं इतके धंदे बदलले, तुळईनं मात्र कपाळं फोडायचा आपला धंदा सोडला नाही.

पावलं वाजली की अण्णा दुकानातूनच ओरडायचे, "वाका की पावणं! मान वाकवली म्हणून मान जात न्हाय. हितं ब्यांकेचा म्यानेजर बी वाकून आलाय!" मला म्हणायचे, "विमावाले, सोताच्या डोस्क्याचा इमा काढलाय का? न्हाय न्हवं? मग वाका."

गेल्या वर्षी समोरच्या गाळ्यात कॅफे काढायचं ठरलं. कॅफेचा तरुण मालक म्हणाला, माळा आणि तुळई काढून टाकू. अण्णा बिघडलेच. "आरं, गिऱ्हाईक वाकून आत आलं की भांडत न्हाय. तुझ्याच फायद्याचं हाय!" पोरगा ऐकेना. मिस्त्री आले त्या सकाळी अण्णा तुळईच्या खिळ्याला मोठा तराजू टांगून खाली स्टुलावर बसलेले. "वजन चाललंय. हादरा बसला तर काटा चुकंल." दोन दिवस ते वजन चाललं. पारड्यात काहीही नव्हतं. मिस्त्री चहा पिऊन परत गेले. म्हातारपणी माणूस हट्टाला पेटतो तो असा, म्हणून आम्ही हसत राहिलो.

तिसऱ्या दिवशी अण्णा चहा प्यायला आत वळले होते. कॅफेत कामाला लागलेली एक उंच पोरगी खोकं घेऊन चढली आणि धाडकन तुळईवर आदळली. कपाळावर हे एवढं टेंगूळ. "काय न्हाय हो आजोबा," म्हणून ती बिचारी हसली, पण अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी स्वतःच्या हातानं तराजू उतरवला आणि मिस्त्रीला म्हणाले, "काढ बाबा. आता हितं हात लावाय कोन न्हाय."

त्या बोलण्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. तुळई गेली, कॅफे सुरू झाला, आणि अण्णांचं हे नसलेल्या तुळईखाली वाकणं सुरूच राहिलं. कॅफेतली पोरं फिदीफिदी हसायची. एकदा मीही न राहवून म्हणालो, "अण्णा, तुळई जाऊन वर्ष झालं. आता मुजरा कुणाला?"

अण्णा पायरीवरच थांबले. म्हणाले, "अक्का म्होरं चढायची. वर पोचली की त्या तुळईला हात लावून हुभी ऱ्हायची, माझं डोस्कं लाकडावर आपटू ने म्हणून. मी येंधळा. माझं डोस्कं वाचायचं, तिची बोटं चेंगरायची. चिंचेनं आधीच चिरलेली बोटं ती. म्हणून मी वाकाय शिकलो."

इतके दिवस हसल्याची मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी पुटपुटलो, "पण अण्णा, आता तुळईच नाही."

"तुळई काढली," अण्णा म्हणाले. "खरं, तिनं हात काढला असंल व्हय?"