कॅनडाहून आलेलं एक अक्षर

संगणकाच्या पडद्यावरची रेघ नऊ मिलिमीटर लांब होती. तिच्याआधी तीन मिलिमीटरचा एक ठिपका आणि नंतर तेवढाच दुसरा. नोएलीननं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. तिनं पट्टी खाली ठेवली.

"आखूड, लांब, आखूड!" दाढीचा फेस तोंडावर तसाच ठेवून तिचा नवरा मर्विन ओरडला. "म्हणजे 'आर' अक्षर, म्हणजे 'पोचलं'! कॅनडात लॉर्नला माझा संदेश पोचला! अख्खा प्रशांत महासागर ओलांडला गं मी!"

मर्विन हौशी रेडिओवाला. साध्या रेडिओवर कॅनडाशी दोन मिनिटांत गप्पा ठोकणारी माणसं त्याच्या लेखी पोरकट. त्याचा जीव लांबच लांब लहरींवर! त्यासाठी टेकडीपासून मेंढ्यांच्या कुरणापर्यंत त्यानं दोनशे मीटर तार ताणली होती. एवढं करून तिच्यातून जे बाहेर पडे ते इतकं क्षीण, की एक ठिपका पाठवायला पुरतं एक मिनिट लागे. एक अक्षर जाईपर्यंत चहा होऊन कपबशा विसळून होत. रात्री संगणक आपला आपण नोंद करी आणि मर्विन नऊलाच घोरू लागे. लॉर्नच्या नि त्याच्या ओळखखुणांची देवघेव तीन रात्रींत झाली होती. उरलं होतं ते लॉर्नकडून एवढं एकच अक्षर.

सात वर्षांपूर्वी नोएलीननं डनीडन शहरात, मुलीजवळ राहायला जायचा विषय काढला तेव्हा मर्विन छाती ठोकून म्हणाला होता, "एकदा कॅनडा गाठू दे, दुसऱ्या दिवशी घर विकायला काढतो!" आता तिचे गुडघे जिना चढू देत नव्हते. मुलीनं डनीडनमध्ये तळमजल्यावरचं घर हेरलं होतं, आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

नोएलीन त्या एका वाक्याची वाट पाहत उभी राहिली. मर्विन पुष्कळ बोलला. रेडिओ क्लबच्या सगळ्यांशी फोनवर बोलला, कुत्र्याशी बोलला. तेवढं एक वाक्य सोडून!

अकरा वाजता क्लबची मंडळी चीज रोलचे दोन ट्रे घेऊन हजर झाली. सेक्रेटरी न्याइरीनं मर्विनच्या पाठीत धपाटा घातला.

"अरे लबाडा! सात वर्षं आम्ही तुला हसलो की रे!"

"हसा, हसा! आता माझ्या नावाची पाटी लावा क्लबात!"

"पाटी लावू, पण तोंडावरचा फेस पूस आधी," म्हातारा स्टू म्हणाला.

नोएलीन दुधाची बाटली घेऊन भिंतीपलीकडच्या धुण्याच्या खोलीत गेली. तिथं खोक्यात आई मेलेलं कोकरू होतं. काल संध्याकाळीच तिनं त्याच्या खाली विजेवर तापणारी गादी घातली होती. कोकरू बसलं की गादी पुरेशी तापून बंद पडे, उठलं की गार होऊन पुन्हा सुरू. बाटली पाहून ते उठलं. गादीचा लाल दिवा लागला.

पलीकडून मर्विनची आरोळी आली, "अरे, पुन्हा आला! लॉर्न पुन्हा आला!"

"भरदिवसा?" न्याइरीचा आवाज. "उन्हात या लहरी एवढ्या लांबून येतात होय?"

"लॉर्नच्या लहरी येतात!"

नोएलीननं कोकरू खाली बसवलं. दिवा विझला.

"गेला!" पलीकडे हळहळ झाली.

तिनं घड्याळ काढलं. कोकरू उचलून गादीचा दिवा एक मिनिट लावला, मग विझवला. मग तीन मिनिटं. मग पुन्हा एक.

"आखूड…" पलीकडे सगळे एका सुरात मोजत होते. "लांब… आखूड! पोचलं! पुन्हा पोचलं!" टाळ्या झाल्या.

कोकराला निजवून गप्प बसलं, की कॅनडा गाठल्याचं ठरून डनीडनचं घर मिळत होतं. नोएलीननं तसा विचार केला. साधारण एक ठिपका जाईल इतका वेळ! मग कोकरू काखेत मारून ती दारात जाऊन उभी राहिली.

"मर्विन, हा तुझा लॉर्न. आत्ता दूध पितोय."

तिनं सगळा प्रयोग सांगितला: गादी सुरू झाली की तिची खरखर रेडिओत शिरते आणि पडद्यावर रेघ उमटते. स्टूचा रोल तोंडाशीच थांबला.

"आत्ताचं कोकरू असेल," मर्विन तावातावानं म्हणाला. "रात्रीचा लॉर्नच होता!"

तेवढ्यात संगणकावर लॉर्नचीच ईमेल आली. न्याइरीनं ती मोठ्यानं वाचली. "माफ कर दोस्ता. काल वादळात देवदार पडला तो थेट माझ्या तारेवर. रात्री काहीच पाठवता आलं नाही."

सगळे कोकराकडे बघू लागले. मर्विन खुर्चीत बसला आणि लगेच सरळ झाला.

"हरकत नाही! मार्चमध्ये हवा याहून चांगली असते. तार आणखी शंभर मीटर वाढवतो. नोएलीन, मार्चमध्ये बघच तू!"

नोएलीननं कोकरू त्याच्या मांडीवर दिलं.

"मार्चमध्ये मी डनीडनला असेन, मर्विन. यायचं असलं तर ये."